ठसा

'साप्ताहिक मार्कंडेय'कडे चेहऱ्याचा ठसा एकच होता.
जस्ताचा, आगपेटीएवढा, लाकडावर चार चुकांनी ठोकलेला:
पगडी, मिशा, डावा डोळा किंचित मिटलेला.
कुणाचा, ते हलगेकरांनाही ठाऊक नव्हतं.
खडेबाजारातल्या एका बुडालेल्या छापखान्यातून
ट्रेडलबरोबर फुकट आलेला.
कुणी म्हणे, जतकडचा एक सरदार.
ईराप्पा म्हणे, कसला सरदार,
केसांच्या तेलाची जाहिरात आहे ती.

हलगेकरांनी त्याला नोकरीवर ठेवलं.
कोल्हापुरात एक मल्ल वारला, हा छापला.
धारवाडात एक शास्त्री वारले, हाच.
लंडनचा कुणी लॉर्ड,
खानापुरात पहिली गिरणी घालणारे शेट,
जन्मात पगडी न घातलेला एक कीर्तनकार,
सगळे त्याच डाव्या डोळ्यानं
गुरुवारी सकाळी गावाकडे बघत.
एकदाही तक्रार आली नाही.
निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांना
दोन पैसे वर्गणीवर पेपर वाचून दाखवणारा
दगडू चिखलव्हाळे
पान फिरवून चित्र दाखवायचा.
एक म्हातारी म्हणाली म्हणे,
'थोर माणसं अशीच असत्यात बाई,
एका आईची.'

चेहरा झिजला नाही. झिजला तो ळ.
सभा बेळगावात, खटला बेळगावात,
पाण्याची टाकी फुटली तीही बेळगावात.
रात्री दीडच्या सुमाराला ळ संपायचे.
ईराप्पा मुचंडी, घरात कानडी, बोटांत मराठी,
उलटं अक्षर सुलट वाचणारा जुळारी,
रिकाम्या खणात बोट फिरवत म्हणायचा,
'बेळगाव किती डाव लिवतासा वो सायेब?
जरा गाव म्हणा की.'
आणि कलेक्टरपुढे एक शब्द मागे न घेतलेले,
जामिनापायी बायकोच्या पाटल्या घालवलेले हलगेकर
मुकाट्यानं लाल शाईनं बेळगाव खोडून
'आपल्या गावात' करायचे.

मी तेव्हा घड्या घालायचो.
शंभर अंकांना एक आणा, बोटं काळी ती वेगळीच.

हलगेकर गेले मंगळवारी, प्रुफावर मान टेकून.
समासातली शेवटची खूण: 'ऱ्हस्व करा.'
घरात फोटो सापडला नाही.
लग्नातला होता म्हणे, तो वाळवीनं वाचला.
ईराप्पानं कुणाला काही विचारलं नाही.
ठसा काढला, रॉकेलनं पुसला, फुंकर मारली,
'इरली बिड्री' म्हणाला, कुणाला कुणास ठाऊक,
आणि संपादकांना पगडी घातली.

मथळ्यात मात्र बेळगाव पुरं लिहिलं.
खणात ळ नव्हता.
शेजारच्या कानडी प्रेसात जाऊन
त्यांचा एक मागून आणला, तसाच बसवला,
गोल, पोटाळ, मराठी शब्दाच्या मधोमध.
त्यावर तक्रार आली. दोन आल्या.
एक मराठीतून, एक कानडीतून.
ईराप्पानं दोन्ही घडी करून
ट्रेडलच्या हलत्या पायाखाली घातल्या.

पुढे खिळे किलोनं गेले.
शिसं बॅटरीवाल्यानं नेलं,
केस एका बाईनं चहापूड ठेवायला.

परवा चौकाला हलगेकरांचं नाव दिलं.
अर्धपुतळा बसवला, महापौर आले, माईक खरखरला.
मूर्तिकारानं चेहरा त्या गुरुवारच्या अंकावरूनच घेतलेला.
पगडी तीच, मिशा त्याच.
जिवंतपणी हलगेकर टकलू, बोडके, मिशी सफाचट.
हे सांगू शकणारा गर्दीत मी एकटा.
मला चार शब्द बोलायला सांगितलं, मी बोललो:
जामीन सांगितला, पाटल्या सांगितल्या,
ळ सांगायचा राहून गेला.

लोक पांगल्यावर काठी टेकत जवळ गेलो.
पगडीच्या काठावर एक कावळा बसून होता.
नीट बघितलं.
डावा डोळा पूर्ण उघडा.
मूर्तिकारानं आपल्या मनानं दुरुस्त केलेला.
बाकी सगळं चालेल, म्हटलं.
एवढी चूक राहिलीय.